दार लोटून सांगितलेलं दुखणं

मुलाला ताप असला की आई दवाखान्यात पाऊल टाकता टाकताच बोलायला लागते. खोकला असेल तर तो कोरडा की ओला, हे नक्कल करून दाखवते. जंतांचं मात्र असं होत नाही. आधी सर्दीचं बोलणं होतं, मग वजनाचं, मग भूक लागत नाही याचं. निघायच्या वेळी दार लोटून घेऊन, आवाज खाली आणून ती म्हणते, "डॉक्टर, याच्या शीमध्ये काहीतरी पांढरं वळवळताना दिसलं." आणि मी काही विचारायच्या आत पुढचं वाक्य येतं, "आम्ही स्वच्छता फार पाळतो हो."

लहान मुलांची डॉक्टर म्हणून हे दुसरं वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की माझं उत्तर आता तिथूनच सुरू होतं. "पाळता, हे दिसतंय मला. बसा जरा." औषध लिहायला मिनिटही लागत नाही. वेळ लागतो तो या संकोचाला. कारण संकोच वाटला की माणूस घरातसुद्धा बोलत नाही. बोलणं झालं नाही की बाकीच्यांना गोळी मिळत नाही, आणि महिना-दीड महिन्यात तेच पोर पुन्हा रात्री चुळबुळायला लागतं. मग आईची खात्रीच पटते की चूक आपलीच. माझ्या मते जंतांना घरात सगळ्यात जास्त दिवस कोण ठेवून घेत असेल, तर ही लाज.

म्हणून मी आधी तो जंत नेमका कोण आहे हे सांगते. शीमध्ये किंवा गुदद्वाराजवळ दिसणारा, पांढऱ्या दोऱ्याच्या तुकड्याएवढा, हलणारा जंत बहुतेक वेळा सूतकृमी असतो. तो फक्त माणसातच राहतो, त्यामुळे घरातल्या कुत्र्या-मांजरावर आळ घ्यायचं कारण नाही. श्रीमंत-गरीब, थंड हवा-गरम हवा, असा भेद तो करत नाही. शाळेत आणि पाळणाघरात जाणाऱ्या मुलांमध्ये त्याचं प्रमाण जास्त, कारण तिथे मुलं एकमेकांच्या अंगाला अंग लावून खेळतात, खेळणी वाटून घेतात, आणि हात तोंडात घालतात. म्हणजे मुलांनी जसं वागावं तशीच ती वागत असतात.

मादी साधारण ८ ते १३ मिलिमीटर लांब असते. नर तिच्या निम्म्याहूनही लहान, त्यामुळे आपल्या नजरेला पडते ती जवळजवळ नेहमी मादीच. दिवसभर ती मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागात असते. मूल गाढ झोपलं की खाली सरकत बाहेर येते आणि गुदद्वाराभोवतीच्या कातडीवर हजारो अंडी चिकटवते, कधी दहा हजारांहून जास्त. खाज सुटते ती तेव्हा. झोपेतच मूल खाजवतं, अंडी नखांखाली जातात, आणि ही अंडी चार ते सहा तासांत दुसऱ्याच्या पोटात जायला तयार होतात. म्हणजे मध्यरात्री घातलेलं अंडं सकाळी मूल उठून डोळे चोळतं तोवर पक्कं झालेलं असतं. तेच बोट तोंडात जातं, उशीला लागतं, धाकट्या भावंडाच्या बाहुलीला लागतं. चादर झटकली की काही अंडी हवेत उडतात आणि श्वासाबरोबर घशात जाऊन गिळलीही जातात. घरातल्या वस्तूंवर ती दोन ते तीन आठवडे जिवंत राहू शकतात. पोटात गेलेल्या अंड्यापासून अंडी घालणारी नवी मादी तयार व्हायला साधारण महिना लागतो.

हे सगळं ऐकलं की आईच्या चेहऱ्यावरचा ताण थोडा उतरतो, असा माझा अनुभव आहे. इतकी बारीक, डोळ्यांना न दिसणारी अंडी केर काढण्यातल्या आळसामुळे आलेली नसतात आणि रोज दोनदा फरशी पुसली म्हणून थांबलीही नसती.

खूपशा मुलांना सूतकृमी असूनही काहीच त्रास होत नाही. ज्यांना होतो त्यांच्यात रात्रीची खाज हे मुख्य लक्षण. मूल झोपेत तळमळतं, मध्येच रडत उठतं, दिवसा चिडचिड करतं, वर्गात लक्ष लागत नाही. मुलींच्या बाबतीत मी एक गोष्ट मुद्दाम विचारते, कारण ती आपणहून कुणी सांगत नाही. हे जंत पुढच्या बाजूला, शूच्या जागेकडे सरकू शकतात. तिथे खाज, लाली, थोडा स्राव, शू करताना आग, कधी पुन्हा सुरू झालेलं अंथरूण ओलं करणं, असं काही दिसतं. छोटी मुलगी सारखा तिथे हात लावते म्हणून तिला रागावलं जातं. तिला खाज सुटते आहे एवढं लक्षात आलं, तर ते रागावणं टळेल.

ओळखायचं कसं? मूल झोपल्यावर दोन-तीन तासांनी बॅटरी घेऊन गुदद्वाराभोवती बघायचं. हलणारा पांढरा जंत तिथे दिसला तर आणखी तपासणी लागत नाही. दिसला नाही तर चिकटपट्टीची चाचणी आहे, आणि ती घरीच करता येते. सकाळी मूल उठल्या उठल्या, संडासला जाण्याआधी, अंघोळीआधी, पारदर्शक चिकटपट्टीची चिकट बाजू गुदद्वाराजवळच्या कातडीवर हलकेच दाबायची आणि मग ती काचेच्या पट्टीवर चिकटवून प्रयोगशाळेत द्यायची. सूक्ष्मदर्शकाखाली अंडी स्पष्ट दिसतात. सलग तीन सकाळी केली तर चुकामूक होण्याची शक्यता बरीच कमी होते. पुष्कळ घरांतून शीची तपासणी करून आणतात, ती 'नॉर्मल' येते, आणि सगळे निर्धास्त होतात. सूतकृमीची अंडी कातडीवर असतात, शीत ती क्वचितच सापडतात. त्यामुळे सूतकृमीचा संशय असताना तो कागद फार काही सांगत नाही.

आता जे जंतांचं लक्षण नाही त्याबद्दल, कारण याच गोष्टींवरून मुलांना सर्वात जास्त गोळ्या दिल्या जातात. मूल झोपेत दात खातं, उशीवर लाळ गळते, गालांवर फिक्कट पांढरे चट्टे आहेत, पोट पुढे आहे, गोड खूप खातं, म्हणजे पोटात जंत आहेत, असं आजी सांगते, शेजारीण सांगते, आणि त्या दोघी मायेपोटीच सांगतात. दात खाणं लहान मुलांमध्ये अतिशय सामान्य आहे आणि त्यावरून जंतांचं निदान करता येत नाही. गालांवरचे ते चट्टे बहुतेक वेळा कोरड्या त्वचेच्या एका साध्या विकाराचे असतात आणि हळूहळू जातात. दोन-तीन वर्षांच्या मुलाचं पोट थोडं पुढे असणं हे त्या वयाचं ठेवणंच आहे. आणि गोड खाल्ल्याने जंत होत नाहीत. जंत अंड्यातून किंवा अळीतूनच येतो, आणि ते साखरेत नसतं. गोड कमी द्यावं याला दातांचं आणि वजनाचं कारण पुरेसं आहे. जंतांची भीती घालून मुलाला खाण्याबद्दल अपराधी वाटायला लावू नये, असं मला मनापासून वाटतं.

सूतकृमी हे घराचं दुखणं. दुसरी जी मोठी तुकडी आहे, ती मातीची. गोलकृमी, चाबूककृमी आणि अंकुशकृमी. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगातली सुमारे दीड अब्ज माणसं या मातीतून येणाऱ्या कृमींपैकी एखाद्याने तरी बाधित आहेत. यांची अंडी शीतून बाहेर पडतात आणि मातीत काही काळ राहिल्याखेरीज संसर्ग करू शकत नाहीत. गोलकृमीच्या अंड्याला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. त्यामुळे गोलकृमी झालेल्या मुलाशेजारी बसल्याने तो होत नाही. उघड्यावर शी पडते, ती मातीत मिसळते, त्या मातीचे हात, त्या मातीतली न धुतलेली भाजी, ते पाणी तोंडात जातं, अशी ती वाट आहे. संडास नसलेल्या वस्तीतल्या एका आईने स्वतःच्या घरापुरती कितीही काळजी घेतली तरी सगळ्या वस्तीची माती तिच्या हातात नसते. तिला दोष देणं मला अन्यायाचं वाटतं.

गोलकृमी मोठा असतो. मादी २० ते ३५ सेंटीमीटरपर्यंत वाढते, रंगाने फिक्कट गुलाबी-पांढरी, गांडुळासारखी. तो शीतून किंवा उलटीतून पडला की घरात धक्का बसतो, आणि ते साहजिक आहे. एक मादी दिवसाला दोन लाखांच्या आसपास अंडी घालते. त्याचा शरीरातला प्रवास मात्र कुणाला सहसा ठाऊक नसतो. अंड्यातून बाहेर आलेली अळी आतड्याची भिंत भेदून रक्तात शिरते, यकृतातून फुप्फुसात पोहोचते, तिथून श्वासनलिकेने वर घशाशी येते आणि गिळली जाऊन पुन्हा आतड्यात उतरते. मगच ती मोठी होते. जपानमध्ये कोइनो नावाच्या डॉक्टरने १९२२ साली जाहीर केलेल्या प्रयोगात स्वतः गोलकृमीची २,००० अंडी गिळली होती. काही दिवसांत त्यांना न्यूमोनियासारखा त्रास झाला आणि त्यांच्या बेडक्यात अळ्या सापडल्या. आज कुणी असं करू नये, पण मुलाचा काही दिवसांचा कोरडा खोकला आणि घरघर कधी कधी याच प्रवासाची असते, हे आपल्याला अशा माणसांमुळे समजलं.

अंकुशकृमीचीही अशीच एक हकीकत आहे. कैरोमध्ये आर्थर लूस हे जर्मन शास्त्रज्ञ १९व्या शतकाच्या अखेरीस या कृमीच्या अळ्यांवर काम करत होते. अळ्या असलेलं पाणी चुकून त्यांच्या हातावर सांडलं. कातडी लाल झाली, खाज सुटली, आणि पुढे त्यांच्या स्वतःच्या शीत अंकुशकृमीची अंडी दिसली. अळी तोंडातून न जाता थेट कातडीतून शिरते हे त्यातून उलगडलं. ओल्या मातीत अनवाणी खेळणाऱ्या मुलाच्या तळपायातून ती शिरते ती अशी. चप्पल हे जंतांवरचं औषध आहे म्हटलं की पालक चमकतात, पण अंकुशकृमीच्या बाबतीत ते अक्षरशः खरं आहे.

हा कृमी जेमतेम सेंटीमीटरभर, पण आतड्याला चावा घेऊन रक्त पितो. एकाने घेतलेलं रक्त दिवसाला मिलिलिटरचा लहानसा अंश असतो. असे शंभर असले आणि ते महिनोन् महिने राहिले की मुलाचं रक्त उतरत जातं. मूल फिकं दिसतं, धावताना दमतं, अभ्यासात मागे पडतं, आणि घरात त्याला आळशी म्हटलं जातं. लोह कमी झालेल्या मुलांपैकी काहींना माती, खडू, भिंतीचा पापुद्रा खावासा वाटतो. माती खाल्ली की तिच्यातून गोलकृमीची अंडी पोटात. एका जंताने रक्त कमी केलं, कमी रक्ताने मातीची ओढ लावली, मातीने दुसरा जंत आणला. माती खाणारं मूल समोर आलं की म्हणून मी जंतांच्या औषधाबरोबर हिमोग्लोबिन तपासते आणि गरज असेल तर लोहाचं औषध पूर्ण मुदतीपर्यंत देते. नुसतं हातावर मारून ती सवय सुटत नाही.

चाबूककृमीबद्दल थोडक्यात सांगते. थोडे असले तर कळतही नाहीत. फार झाले तर आवेचा, रक्तमिश्रित जुलाब रेंगाळतो आणि कधी कुंथताना गुदाचा भाग बाहेर येतो. गोलकृमी, चाबूककृमी आणि अंकुशकृमी या तिघांचं निदान शीच्या तपासणीतून होतं, सूतकृमीच्या अगदी उलट.

औषधाकडे येते. अल्बेंडाझोल आणि मेबेंडाझोल ही दोन औषधं सर्वाधिक वापरली जातात. दोन्ही जंताच्या पेशींची घडण बिघडवून त्याला साखर घेऊ देत नाहीत, मग तो उपाशी मरतो. अल्बेंडाझोलची नेहमीची मात्रा ४०० मिलिग्रॅम, एकदाच. एक ते दोन वर्षांच्या मुलाला, जंतनाशक मोहिमांत, त्याच्या निम्मी. वर्षाच्या आतल्या बाळाला आपल्या मनाने काहीही देऊ नये, आणि दोन वर्षांखालच्या मुलासाठी डॉक्टरांना विचारूनच द्यावं. मुलाला कधी आकडी आली असेल, यकृताचा आजार असेल, तर ते आधी सांगणं फार महत्त्वाचं आहे, कारण मेंदूत पट्टकृमी नावाच्या दुसऱ्या एका जंताच्या गाठी असताना हे औषध आकडी वाढवू शकतं. आई पुन्हा गरोदर असेल तर तिच्यासाठी वेगळा विचार करावा लागतो.

गोळी देताना एक काळजी घ्या. लहान मुलाला ती चुरून, थोड्या पाण्यात कालवून द्या. रडणाऱ्या, हातपाय झाडणाऱ्या मुलाचं नाक दाबून गोळी कोंबू नका. ती श्वासनलिकेत अडकून मुलं दगावली आहेत. एक दिवस उशीर झाला तर काही बिघडत नाही. गोळीनंतर थोडं पोट दुखणं, मळमळणं, डोकं दुखणं होऊ शकतं आणि ते आपोआप थांबतं. शीत मेलेले जंत दिसलेच पाहिजेत असंही नाही.

सूतकृमीसाठी मात्र एक डोस पुरत नाही, आणि बहुतेक घरांत अडतं ते इथेच. औषध जंतांना मारतं, अंड्यांना नाही. गोळीच्या दिवशी जी अंडी गादीवर, नखांत होती ती पुढच्या दिवसांत पोटात जाऊन फुटतात. म्हणून दोन आठवड्यांनी दुसरा डोस, आणि दोन्ही डोस, वर सांगितलेले अपवाद सोडून, घरातल्या सगळ्यांना एकाच दिवशी. आजोबांना खाज नाही, बाबांना वेळ नाही, मोठ्या बहिणीला लाज वाटते, यातलं कुठलंही कारण मी मान्य करत नाही. पहिल्या गोळीनंतर खाज थांबते आणि दुसरी विसरली जाते, म्हणून मी तारीख कागदावर मोठ्या अक्षरात लिहून देते आणि ती घरातल्या दिनदर्शिकेवर माझ्यासमोर नोंदवायला सांगते.

या दोन आठवड्यांत जे करायचं त्यात अवघड काही नाही, पण ते रोज करावं लागतं. मुलांची, मोठ्यांचीही, नखं अगदी बारीक कापा. रात्री घट्ट बसणारी चड्डी घाला, सकाळी उठल्याबरोबर अंघोळ घाला, म्हणजे रात्री घातलेली अंडी वाहून जातात, आणि चड्डी लगेच बदला. चादरी, अभ्रे, झोपायचे कपडे न झटकता गुंडाळून थेट गरम पाण्यात धुवा. खोलीत ऊन येऊ द्या, अंड्यांना ते सोसत नाही. जेवणाआधी आणि संडासानंतर साबणाने हात. घर उकरून काढण्याची, खेळणी फेकण्याची, गाद्या जाळण्याची गरज नाही. काही घरांत मी हे झालेलं पाहिलं आहे आणि त्यात मुलाला वाटतं की आपणच काहीतरी घाण आहोत.

काही वेळा थांबायचं नसतं. पोट फुगलं आहे, जोराच्या कळा येताहेत, हिरवट उलट्या होताहेत, शी आणि वारा दोन्ही बंद आहे, तर गोलकृमींच्या गुंत्याने आतडं अडलेलं असू शकतं. तेव्हा घरी जंताचं औषध न देता सरळ रुग्णालय गाठायचं. शीतून रक्त, खूप फिकेपणा, सतत घटणारं वजन, यातही वाट पाहू नये.

मातीतल्या कृमींचं प्रमाण जिथे जास्त आहे तिथे मुलांना ठरावीक काळाने जंतनाशक गोळी द्यावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. बाधित मुलं २० टक्के किंवा जास्त असतील तर वर्षातून एकदा, निम्म्याहून जास्त असतील तर दोनदा. या गोळ्यांनी मुलांची उंची, वजन, शाळेतली हजेरी किती सुधारते यावर तज्ज्ञांत मोठा वाद आहे. माझं मत विचाराल तर गोळी द्यावीच, कारण जंतांचा भार कमी होतो आणि रक्त वाचतं. पण तिच्यावर सगळं सोपवू नये. संडास आणि पाणी तसंच राहिलं तर वर्षभरात गोलकृमी जवळपास पूर्वीच्याच प्रमाणात परत येतात. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये निम्म्याहून अधिक लोकांच्या पोटात गोलकृमी होते. शाळाशाळांतून शीची तपासणी, औषध, आणि मैल्याची नीट विल्हेवाट हे सगळं बरोबरीने झालं, आणि साधारण एका पिढीत ते जवळजवळ नाहीसे झाले.

मुलाला काय सांगायचं, हे आई-बाबा शेवटी विचारतात. मी मुलालाच खुर्चीत बसवून सांगते. "तुझ्या पोटात छोटे जंत आहेत. पुष्कळ मुलांच्या असतात. ते रात्री बाहेर येतात म्हणून तुला खाज येते. ही गोळी त्यांना मारते. तू नखं खायची नाहीस आणि सकाळी अंघोळ करायची." मुलं याहून जास्त काही मागत नाहीत. एखादं विचारतं, "ते मला खातील का?" तर नाही, एवढंच उत्तर पुरतं. ते स्वतः हात धुवायची आठवण ठेवतं, आणि घरातल्यांनाही करून देतं.

शाळा बुडवायची गरज नसते. गोळी झाली, नखं कापली, सकाळी अंघोळ झाली की मूल वर्गात जाऊ शकतं. मात्र वर्गशिक्षिकेला आणि ज्यांच्याकडे मूल खेळायला, झोपायला जातं त्या घरांना कळवावं, असा माझा आग्रह असतो. शब्द सापडत नसतील तर मी तेही लिहून देते. "आमच्या मुलाला सूतकृमी झाले आहेत, आम्ही सगळ्यांनी औषध घेतलं आहे, दुसरा डोस दोन आठवड्यांनी आहे. तुमच्याकडे कुणाला रात्री खाज येत असेल तर दाखवून घ्या." पहिल्यांदा असं लिहिताना हात अडखळतो हे मला माहीत आहे. बहुतेक वेळा पलीकडून उत्तर येतं की आमच्याकडेही आहे, कुणाला सांगावं कळत नव्हतं.